मशीद बंदरातली ‘मशीद’ कुणाची?

मध्य रेल्वेच्या मशीद स्थानकाचं नाव एखाद्या मशिदीवरून पडलं असावं, असंच आपल्याला वाटतं. जुने मुंबईकर मात्र वेगळंच सांगतात. कोकणातले मराठी ज्यू, म्हणजे बेने इस्रायली, आपल्या सिनेगॉगला, म्हणजे प्रार्थनास्थळाला, ‘मशीद’ म्हणत, आणि जवळच त्यांची सर्वांत जुनी मशीद होती. नाव तिच्यावरूनच आलं म्हणे.

शनवार तेली

बेने इस्रायलींच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. कोकणात ते घाण्यावर तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. हिब्रू जवळजवळ विसरली, पण शनिवारचा शब्बाथ, सुंता आणि खाण्याचे नियम सुटले नाहीत. बोली मराठी, आडनावं गावांवरून: पेणकर, किहीमकर, चेऊलकर. नवस फेडताना प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावानं गोड पोह्यांचा मलिदा करतात. त्यात गूळ आणि ओलं खोबरं आलंच. कोकण त्याशिवाय कसं?

दिवेकरांचं सिनेगॉग

अठराव्या शतकात ही मंडळी मुंबईत आली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत शिरली. त्यांतले सॅम्युएल एझिकेल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटले, अशी कथा आहे. त्यांनीच १७९६ साली मांडवीत ‘शार हारहमीम’, म्हणजे दयेचं द्वार, हे सिनेगॉग बांधलं. हीच ती जुनी ‘मशीद’.

ससून वेगळे

मुंबईतले ज्यू म्हटलं की ससून आठवतात. पण ते बगदादहून आलेले ज्यू, बेने इस्रायली नव्हेत. डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास इथे आले. ससून डॉक १८७५ चा, फोर्टातलं निळं सिनेगॉग १८८४ चं. पैसा आणि इमारती त्यांच्या, म्हणून नावही त्यांचंच झालं. मराठी ज्यूंवर हा थोडा अन्यायच आहे.

काही माणसं

हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८७५ मध्ये बेने इस्रायली समाजाची शाळा काढली. जोसेफ एझिकेल राजपूरकरांनी हिब्रू ग्रंथ मराठीत आणले. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस रस्ता ज्यांच्या नावाचा, ते १९३७ साली महापौर झाले. कामा रुग्णालयाच्या प्रमुख डॉ. जेरुशा झिराड यांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. ‘बूट पॉलिश’ चित्रपटातला जॉन चाचा, अर्थात डेव्हिड, हे चेऊलकर! आणि इंग्रजी कवी निस्सीम एझिकेल यांना १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

पांगापांग

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. तिथे त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली गेली. आंदोलन करावं लागलं, तेव्हा कुठे १९६४ मध्ये मान्यता मिळाली. तिथून ते ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढू लागले.

महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला तो २०१६ साली. मशीद स्थानकात उतरलात तर सॅम्युएल स्ट्रीटवर डोकावून या. दयेचं द्वार तिथेच आहे.