ठिपका ओळखायला यंत्र कसे शिकते?

‘छातीचा फोटो काढून आणा,’ असे डॉक्टरांनी सांगितले की घरातली हवाच बदलते. फोटोत काही नाही असे कळेपर्यंत कुणाला जेवण गोड लागत नाही. आणि ‘एक लहानसा ठिपका दिसतोय, सीटी स्कॅन करू या,’ असे ते म्हणाले तर मग विचारायलाच नको. गेली काही वर्षे मी या ठिपक्याच्याच मागे आहे. मी डॉक्टर नाही, संगणकाचा माणूस आहे. फुफ्फुसातला ठिपका कर्करोगाचा असेल की नाही, याचा अंदाज करायला संगणकाला शिकवणे, हे माझे काम.

सीटी स्कॅन म्हणजे पावाचे काप करावेत तसे छातीचे पातळ काप, अर्थात चित्रातले. एका तपासणीत असे शेकडो काप निघतात. संगणकाच्या लेखी प्रत्येक काप म्हणजे आकड्यांचा एक तक्ता, साधारणपणे ५१२ ओळी आणि ५१२ रकान्यांचा. या मोजपट्टीवर पाण्याला शून्य आणि हवेला उणे १००० गुण. सीटी स्कॅनचे एक जनक गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांचेच नाव तिला दिलेले आहे. अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासह त्यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

फुफ्फुसात मुख्यतः हवा, म्हणून ते काळे दिसते आणि गाठ पांढरी उठून दिसते. मग अडचण काय? अडचण अशी, की आडवी कापली गेलेली रक्तवाहिनीही पांढरा ठिपकाच दिसते. जाणकार डॉक्टर वरचे-खालचे काप पाहतात. रक्तवाहिनी कापामागून कापात पुढे जात राहते, लहान गाठ मात्र थोड्याच कापांत संपते.

हे संगणकाला कसे शिकवायचे? लहान मुलाला आपण मांजराची व्याख्या सांगत नाही. ‘ही बघ माऊ’ असे दहा वेळा दाखवतो. आम्हीही तेच करतो. उत्तर माहीत असलेले हजारो ठिपके संगणकाला दाखवायचे. तो अंदाज करतो, चुकतो. चूक किती झाली ते मोजून आपल्या आतले आकडे तो किंचित बदलतो आणि पुन्हा अंदाज करतो. असे लाखो वेळा.

पण उत्तर सांगणार कोण? अमेरिकेत १,०१८ सीटी स्कॅनचा एक संग्रह संशोधकांसाठी खुला केलेला आहे. त्यातला प्रत्येक स्कॅन चार रेडिऑलॉजिस्टनी तपासला. तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ आहे, असे चौघांपैकी निदान एकाने म्हटलेल्या जागा निघाल्या २,६६९. चौघांचेही एकमत झाले फक्त ९२८ जागी! गुरुजींमध्येच मतभेद, तर विद्यार्थ्याने काय करावे?

हा प्रश्न केवळ अभ्यासाचा नाही. अमेरिकेत ५५ ते ७४ वर्षे वयाच्या, भरपूर धूम्रपान केलेल्या ५३ हजारांहून अधिक लोकांची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०११ साली आले. साध्या एक्स-रेऐवजी कमी मात्रेचा सीटी स्कॅन केल्याने फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. ही मोठीच गोष्ट. परंतु शंभरातल्या सुमारे चोवीस स्कॅनमध्ये संशयास्पद काहीतरी दिसले आणि त्यातले ९६ टक्क्यांहून अधिक संशय खोटे निघाले. खोटा संशय म्हणजे पुन्हा स्कॅन, कधी बायोप्सी आणि कित्येक रात्रींची उडालेली झोप. म्हणून खरा कर्करोग सुटू न देता असे खोटे संशय कमी करणे, हे यंत्राचे खरे काम.

२०१९ साली गूगलच्या संशोधकांनी आपल्या प्रणालीची सहा रेडिऑलॉजिस्टशी तुलना केली. रुग्णाचा जुना स्कॅन हाताशी नसताना यंत्र सरस ठरले. जुना स्कॅन शेजारी ठेवताच दोघे बरोबरीला आले. यातून आपणही एक धडा घ्यावा. ठिपका वाढतो आहे की आहे तेवढाच आहे, हे जुन्या स्कॅनवरूनच कळते. तेव्हा जुन्या फिल्म आणि सीडी रद्दीत टाकू नका.

आता माझीच एक फजिती सांगतो. आमची एक प्रणाली चाचणीत उत्तम गुण मिळवत होती. दुसऱ्या ठिकाणचे स्कॅन देताच तिचे गुण घसरले. शोध घेतल्यावर कळले, की शिकवताना दाखवलेले कर्करोगाचे बहुतेक स्कॅन एकाच सीटी मशीनवर काढलेले होते. आमच्या विद्यार्थ्याने कर्करोग नव्हे, त्या मशीनची ढब पाठ केली होती! तेव्हापासून चांगले गुण दिसले की मला आधी शंका येते.

आपल्या देशात तर जास्तच सावध राहायला हवे. क्षयरोग होऊन बरी झालेली माणसे आपल्याकडे पुष्कळ. त्या जुन्या आजाराच्या खुणाही फुफ्फुसात ठिपक्यांसारख्या दिसू शकतात. परदेशी स्कॅनवर शिकलेल्या यंत्राची त्यांच्याशी पुरेशी ओळख असेलच असे नाही. म्हणून आपल्याकडे वापरण्याआधी त्याची परीक्षाही आपल्याच रुग्णांच्या स्कॅनवर व्हायला हवी.

यंत्र डॉक्टरांची जागा घेणार का, असे मला नेहमी विचारतात. यंत्र एक आकडा देते. त्या आकड्यामागच्या माणसाला खोकला किती दिवस आहे, त्याला पूर्वी क्षय झाला होता का, तो विडी ओढतो का, हे समोर बसून विचारावेच लागते. आणि पुढे काय करायचे ते ठरवावे लागते. ते काम डॉक्टरांचेच. आम्ही फक्त ठिपका नीट पाहायला त्यांना आणखी एक डोळा देतो आहोत.