कुटुंबवैद्य आणि वैद्यकीय संशोधनाचे वाङ्मय

वाङ्मय हा शब्द आपण बहुधा ललित कृतींच्या संदर्भात योजतो. परंतु शास्त्रांचेही वाङ्मय असते, आणि ते योग्य वाचकापर्यंत पोहोचते की नाही यावर प्रसंगी रुग्णाचा जीवही अवलंबून असतो. वैद्यकीय संशोधनाच्या वाङ्मयाची नित्य गरज भासणारा वाचक म्हणजे ज्याला आपण फॅमिली डॉक्टर म्हणतो तो कुटुंबवैद्य. या वाङ्मयापासून दूर राहिलेला वाचकही बहुधा तोच होय.

कोकणातील विंचूदंशाचे उदाहरण घेऊ. लाल विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर ताण पडतो, फुप्फुसांत पाणी साठते आणि रुग्ण दगावू शकतो. आजच्या रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात व पुढे महाड येथे काम करीत असता डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले. धोक्याची पूर्वलक्षणे सांगणारा त्यांचा निबंध १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तदाबावरील प्रॅझोसिन हे औषध या दंशात उपयोगी पडते, हे प्रतिपादन त्याच नियतकालिकात १९८६ साली आले. रुग्ण कोकणातले, निरीक्षण कोकणातले. पण ते शेजारच्या तालुक्यातील डॉक्टरला वाचावयाचे तर लंडनचा वळसा घेणे भाग होते.

हा वळसा कमी करण्याचे प्रयत्न जुने आहेत. १८७९ साली अमेरिकेत जॉन शॉ बिलिंग्ज यांनी ‘इंडेक्स मेडिकस’ ही सूची सुरू केली. १९७१ साली ‘मेडलाइन’मुळे संगणकाद्वारे दूरवरून शोध घेणे शक्य झाले, आणि १९९६ साली ‘पबमेड’ आले. आज त्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत व शोध विनामूल्य आहे. परंतु सूची म्हणजे ग्रंथ नव्हे. पुष्कळदा निबंधाचा सारांश तेवढा दिसतो; पूर्ण निबंधासाठी वर्गणी अथवा किंमत मोजावी लागते.

१ जानेवारी २०२५ पासून भारत सरकारने ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ ही योजना सुरू केली. सुमारे १३,००० नियतकालिके तिच्यात समाविष्ट आहेत. मात्र तिच्या पहिल्या टप्प्याचा लाभ शासकीय उच्च शिक्षणसंस्था व केंद्रीय संशोधनसंस्था यांच्यासाठी आहे. स्वतःचा दवाखाना चालविणारा कुटुंबवैद्य अशा कोणत्याही संस्थेच्या पटावर नसतो.

समजा, हे दारही उघडले. तरी दिवसभर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरने एका प्रश्नावरचे पन्नास निबंध केव्हा वाचावेत? ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञ आर्ची कॉक्रेन यांनी विश्वसनीय चाचण्यांचे निष्कर्ष चिकित्सापूर्वक संकलित करण्याचा आग्रह धरला होता. त्यांच्या नावाने १९९३ साली स्थापन झालेली संस्था असे पद्धतशीर आढावे तयार करते आणि सुबोध भाषेतील सारांशही देते. विखुरलेले संशोधन येथे चाळून, तोलून वाचकापुढे येते.

यापुढचा प्रश्न भाषेचा आहे. डॉक्टर इंग्रजी वाचतो. पण उपचाराचा निर्णय तो रुग्णाशी मराठीत, तेलुगूत किंवा बंगालीत बोलूनच घेतो. एखाद्या औषधाने ‘धोका निम्म्याने घटतो’ असे म्हटले, की रुग्ण हुरळून जातो. तीच गोष्ट ‘शंभरांपैकी दोघांऐवजी एकाला त्रास होतो’ अशी सांगितली, तर तो शांतपणे विचार करतो. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. पण त्यांच्या शब्दयोजनेमुळे निर्णय बदलू शकतो. अशा सारांशांचे भारतीय भाषांत अवतरण करणे, हे केवळ परिभाषाकोश हाताशी धरून उरकण्याचे काम नव्हे. त्याला वैद्यकाचा जाणकार हवा, तसाच भाषेचा अभ्यासकही हवा.

म्हणून कुटुंबवैद्याला संशोधन उपलब्ध करून देणे याचा अर्थ तिहेरी आहे: निबंध परवडला पाहिजे, त्याचे सार विश्वासाने हाती आले पाहिजे आणि ते रुग्णाच्या भाषेत सांगता आले पाहिजे. पहिल्या दोन गोष्टींची जबाबदारी शासनाने व वैद्यकसंस्थांनी उचलावयाची आहे. तिसरीत मात्र आपल्या विद्यापीठांतील भाषाविभागांचाही वाटा आहे, आणि तो त्यांनी अद्याप पुरेसा उचललेला नाही.