हरभऱ्याची कात्री

थंडीच्या दिवसांत चिखली-मेहकरकडच्या हरभऱ्याच्या रानातून पहाटे चालून बघा. पोटऱ्या चुरचुरायला लागतात. ही आंब! पानांवरच्या बारीक केसांतून पाझरणारं मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल. रात्री पिकावर फडकं अंथरायचं आणि सकाळी दवासकट पिळून आंब बाटलीत भरायची, ही आपल्याकडची जुनी रीत.

पण खरी करामत जमिनीखाली आहे. हरभऱ्याची मुळंही आम्लं सोडतात आणि त्यांच्यासोबत चक्क प्रथिनं!

प्रथिन म्हणजे झाडाची महागाची वस्तू, त्यात मोलाचं नत्र. ते मातीत का सांडायचं?

स्फुरदासाठी. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत स्फुरद असतं, पण कॅल्शियमने जखडलेलं. डीएपी खतातून दिलेल्याचीही बरीचशी गत तीच. बाकीचं बरंच पाल्यापाचोळ्यातून आलेल्या सेंद्रिय रेणूंत अडकलेलं. त्यात स्फुरद मातीत जागचं फारसं हलत नाही. मुळालगतच्या एक-दोन मिलिमीटरांतलं संपलं की शेजारी साठा असूनही मूळ उपाशी!

कॅल्शियमची गाठ आम्लं सोडवतात. सेंद्रिय रेणूंना मात्र कात्रीच लागते. फॉस्फेटेज हे प्रथिन म्हणजे ती कात्री. रेणूला बिलगायचं, त्यातलं स्फुरद फॉस्फेटच्या रूपात कापून मोकळं करायचं, की पुढच्या रेणूकडे. कापून कापून कात्री झिजत नाही. मातीतले सूक्ष्मजीव तिलाच खाऊन टाकेपर्यंत तिचं काम चालू.

आणि पेशीच्या आत घडलेली ही कात्री बाहेर पडते कशी? बाहेर जायच्या प्रथिनाच्या टोकाला पत्त्याची चिठ्ठीच असते! चिठ्ठी वाचून पेशी त्याला इवल्या पिशवीत भरते आणि वेशीबाहेर सोडते. प्रथिनांच्या या चिठ्ठ्या उलगडणाऱ्या ग्युंटर ब्लोबेल यांना १९९९चं नोबेल मिळालं.

कात्रीचं हे काम डोळ्यांना दिसतं का? दिसतं! प्रयोगशाळेत कोवळ्या मुळावर एक रंगहीन रसायन घालतात. कात्रीने त्यातलं फॉस्फेट कापलं की तिथेच निळा रंग उमटतो. पांढरंफटक मूळ बघता बघता निळं होतं.

यातला मला सर्वांत आवडणारा भाग शेजारधर्माचा. प्रयोगांत हरभऱ्यालगत वाढणाऱ्या गव्हालाही हे मोकळं झालेलं स्फुरद मिळालं.

येत्या रब्बीत हरभऱ्याचं एक रोप मुळासकट अलगद उपटा. मुळाला चिकटलेली माती झटकू नका. बोटांत धरून बघा. कात्री चालते ती याच मातीत.