अनुदान मुलाच्या नावे, घरे दोन

आई पेणच्या गणपती कारखान्यात रंगकाम करते, वडील रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत आहेत, दोघे विभक्त आहेत आणि मूल दोन्ही घरी राहते, असे धरून चाला. एकल पालकांच्या मुलांसाठी राज्यात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. २०२३ मध्ये तिची मासिक रक्कम १,१०० वरून २,२५० रुपये झाली. घटस्फोटित आणि विभक्त पालकांची मुलेही तिच्यात येतात. पण रेशनकार्ड, रहिवासी पुरावा, उत्पन्नाचा दाखला हे सगळे कागद एकाच घराचे लागतात. ताबा वाटून घेतलेल्या पालकांपैकी मग ‘एकल’ कोणाला म्हणायचे?

कॅनडात अशा वेळी बालभत्त्याचा निम्मा-निम्मा हिशेब होतो. आपल्याकडे तो नको, असे माझे मत आहे. २,२५० चे दोन तुकडे केले तर वह्या-दप्तराचाही खर्च धड भागणार नाही. रक्कम एकाच खात्यात राहावी आणि ताब्याच्या आदेशात त्या खात्याचा स्पष्ट उल्लेख असावा. वडील कमावते असताना सरकारने पैसे का द्यावेत, असा आक्षेप येतो. गरजेची चौकशी जरूर व्हावी, पण पोटगीचा आदेश हातात असणे आणि पोटगी हातात पडणे यांत फार अंतर असते. दोन घरांत वाढणारे मूल हा अपवाद मानून चालणार नाही; विधी आयोगानेही २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली. पेण आणि रोहा दोन्ही तालुक्यांचे जिल्हा कार्यालय अलिबागलाच आहे, तेव्हा मुलाचा मुक्काम बदलला म्हणून नवी फाईल उघडायला लावू नये.