तळ्याचे पाणी हिरवे का असते?

मित्रांनो, आपल्या हिंगोली जिल्ह्यात पाणी बऱ्याच ठिकाणी अडवलेले आहे. पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. पैनगंगेवर इसापूर धरण आहे. गावोगावी लहान तळी आणि शेततळी आहेत. त्यांत काही लोक मासे पाळतात. कटला, रोहू आणि मृगळ हे मासे एकत्र सोडतात. कटला वरवर खातो, रोहू मध्ये खातो आणि मृगळ तळाशी खातो. म्हणून त्यांचे भांडण होत नाही.

माझे मामा मासे पाळतात. पिल्ले सोडायच्या आधी ते तळ्यात शेण टाकतात. बोटाएवढ्या पिल्लांना बोटुकली म्हणतात. मी विचारले, "मामा, मासे शेण खातात का?" मामा म्हणाले, "नाही रे बाळा. शेतात खत टाकतो ना, तसं हे पाण्याचं खत आहे."

पाण्यात व चिखलात जिवाणू असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. ते शेण आणि पालापाचोळा कुजवतात. त्याचे खत होते. खत आणि ऊन मिळाले की पाण्यात बारीक बारीक शेवाळ वाढते. ते इतके बारीक असते की आपल्याला नुसता हिरवा रंग दिसतो. ते शेवाळ पाण्यातले बारीक किडे खातात. शेवाळ आणि किडे मासे खातात. माशांच्या घाणीतून अमोनिया नावाचे विष तयार होते. दुसरे जिवाणू त्याचेही खत करतात. म्हणजे जिवाणू तळ्याचे स्वयंपाकी आहेत आणि झाडूवालेपण आहेत.

मामा हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवतात. तळहात स्वच्छ दिसला तर खाद्य कमी आहे. कोपर बुडताना तळहात दिसेनासा झाला तर पाणी चांगले आहे. मनगट बुडाल्याबरोबर तळहात दिसेना झाला तर पाणी फार हिरवे आहे. मग ते शेण बंद करतात.

का बरं बंद करतात? शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते. रात्री ते सोडत नाही, उलट सगळेच प्राणवायू घेतात. म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. कुजवायला जास्त घाण असली तर जिवाणूच लई प्राणवायू ओढून घेतात.

मामांच्या शेजारच्या गावात श्रावणात सप्ताहाची पंगत झाली. उरलेले अन्न तळ्यात टाकले. आभाळ चार दिवस भरलेले होते. एके दिवशी पहाटे मासे तोंड वर काढू लागले आणि सकाळपर्यंत लई मेले. लोक म्हणाले, "कोणीतरी औषध टाकलं." दोन घरांत भांडण लागले. आमच्या गुरुजींनी सांगितले, "मोठे मासे आधी मेले आणि बेडूक जिवंत राहिले. बेडूक वरची हवा घेतात. म्हणजे पाण्यातला प्राणवायू संपला होता." मग भांडण मिटले.

म्हणून मित्रांनो आणि पालकांनो, तळ्यात उरलेले अन्न किंवा निर्माल्य टाकू नका. पहाटे मासे तोंड वर काढताना दिसले तर मोठ्या माणसांना लगेच सांगा. ताजे पाणी सोडले किंवा बांबूने पाणी बडवले तर मासे वाचू शकतात.

— इयत्ता चौथी