भाचेबुवांचा उपद्व्याप

भाऊबीजेला बहिणीकडे अकलूजला गेलो, तेव्हा भाचेबुवांनी टेबलावर एक जुना मोबाईल उघडून मांडला होता. "मामा, हा आता तात्यांची रात्रीची फेरी वाचवणार!" त्याने जाहीर केले.

तात्या म्हणजे ताईचे सासरे. नीराकाठच्या या उसाच्या मुलुखात शेतीच्या विजेची पाळी पुष्कळदा रात्री येते. मग अंथरूण सोडून बॅटरीच्या उजेडात मोटर चालू करायला जायचे! मागल्या पावसाळ्यात स्टार्टरच्या पेटीमागे नाग निघाला, तेव्हापासून ताईच्या जिवाला घोर लागलेला.

कल्पना तशी नवी नव्हे. पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांनी आपल्या आजोबांची अशीच पायपीट पाहिली होती. त्यातूनच मोबाईलवरून पंप चालवणारे 'नॅनो गणेश' जन्माला आले आणि २००९ साली नोकियाच्या स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. तशी यंत्रे विकत मिळतात. पण स्वतः केल्यावाचून ज्याला चैन पडत नाही, तोच खरा छांदिष्ट!

यातले इंगित मोठे गमतीचे आहे. कॉल चालू असताना फोनचे बटण दाबले की एकदम दोन स्वर निघतात. ५ दाबा : एक स्वर सेकंदाला ७७० कंपनांचा, दुसरा १३३६ चा. शेतातला मोबाईल आपण होऊन कॉल घेतो. त्याला जोडलेली चिमुकली चिप ही जोडी ओळखते आणि रिलेला इशारा देते. रिले म्हणजे विजेनेच चालणारा खटका. तो क्षणभर मिटला की स्टार्टरचे हिरवे बटण दाबल्याचे काम होते. तीनपैकी एक फेज गेल्यास मोटर जळू नये, म्हणून निराळा राखणदार बसवावा लागतो.

वायरमनने दिवसाच जोडणी तपासून दिली होती. पाळी रात्री दोनची. आम्ही सारे शाली पांघरून ओसरीवर. भाच्याने फोन लावला, ५ दाबले. अंधारातून मोटरची घरघर आली. ताईने देवाला हात जोडले. तात्या मात्र पायांत चपला सरकवू लागले.

"आता कुठं निघालात, तात्या?"

"पाणी कोणत्या सरीत गेलं, ते ह्याचा फोन सांगतो का? दारं धरायला माणूसच लागतं!"

भाचा हिरमुसला, पण बॅटरी उचलून आजोबांच्या मागोमाग गेला. तासाभराने चिखलाने माखून परतला, तो उत्साहाने फुलून. "मामा, सरीच्या टोकाला दोन तारा रोवायच्या. पाणी पोचलं की जोडणी पुरी होते, अन् घरी फोन वाजतो!"

वाचकहो, मुलांनी घरी हा प्रयोग करायचा तर शेतीच्या ४१५ व्होल्टच्या वाटेला जाऊ नये. बारा व्होल्टची बॅटरी आणि तसलाच दिवा पुरे. मात्र आपल्या घरात रात्री-अपरात्री कोणाला उठावे लागते, एवढे आधी पाहून ठेवावे.