ॲप काढलं, पण मागे काय राहिलं?



हल्ली ग्रामसंघाच्या बैठकीला गेलं की हिशोबाच्या आधी एक तक्रार हमखास येते. "ताई, फोन फुल्ल झालाय, काहीच घेईना." बैठकीचा फोटो काढायला जावं तर जागा नाही. गटाचं ॲप अपडेट करायचं तर प्ले स्टोअर म्हणतं, आधी जागा करा. मग आपण काय करतो? चार-दोन ॲप काढून टाकतो. मुलांचे गेम जातात, कधीतरी घेतलेलं फोटोला फुलं लावायचं ॲप जातं. दोन दिवस बरं चालतं आणि पुन्हा तेच.

याचं कारण असं की ॲप गेलं तरी त्यानं आणलेला पसारा बऱ्याचदा फोनमध्येच राहतो. आणि हा पसारा नुसती जागा अडवतो असंही नाही. त्यात आपल्या आधारचे, पासबुकचे, सह्यांचे फोटो असतात. म्हणून यावेळी जरा सविस्तर लिहिते.

काय जातं आणि काय राहतं

अँड्रॉइड फोन म्हणजे एक मोठं घर समजा. प्रत्येक ॲपला त्यात एक बंद खोली मिळते. त्या खोलीत ॲप आपलं लॉगिन, आपला हिशोब, तात्पुरत्या फाइल्स (यालाच कॅशे म्हणतात) ठेवतं. ॲप अनइन्स्टॉल केलं की फोन ही खोली स्वतःच रिकामी करतो. तिथे आपल्याला काही झाडायचं नसतं.

पण घराला एक ओसरीही असते, सगळ्यांची मिळून. फोनमधली ओसरी म्हणजे डाउनलोड, डीसीआयएम, पिक्चर्स, मूव्हीज, डॉक्युमेंट्स ही फोल्डरं. ॲपनं इथे जे ठेवलं ते 'मालकिणीचं सामान' समजून फोन त्याला हात लावत नाही. भाडेकरू गेला तरी ओसरीवरचं त्याचं गाठोडं तसंच. फोटो सजवायच्या ॲपनं पिक्चर्समध्ये स्वतःच्या नावाचं फोल्डर केलेलं असतं. व्हिडिओ उतरवून घ्यायच्या, स्टेटस सेव्ह करायच्या ॲपचे व्हिडिओ मूव्हीज किंवा डाउनलोडमध्ये पडून असतात. व्हॉट्सॲप काढलं तरी त्याचे फोटो-व्हिडिओ आणि फोनमधला बॅकअप बहुतेक वेळा जागच्या जागी राहतो.

जुन्या फोनमध्ये तर फारच गंमत असते. जून 2020 मध्ये केंद्र सरकारनं 59 ॲप्सवर बंदी घातली. टिकटॉक त्यात होतं हे सगळ्यांना आठवतं, पण शेअरइट आणि कॅमस्कॅनरही होते. कॅमस्कॅनरवर आपल्यातल्या कित्येकींनी गटाचे ठराव, पासबुकची पानं, आधारकार्डं स्कॅन केली होती. ॲप केव्हाच गेलं, फोनही बदलला असेल, पण जुन्या फोनमधलं सगळं नव्यात कॉपी करताना ते फोल्डरही सोबत आलेलं असू शकतं. एकदा बघाच.

आधी उलटी गोष्ट: जे जायला नको ते जातं

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून आवरासावरीच्या आधी सांगते. सीआरपी ताई, बँक सखी आणि गटाचं लेखन करणाऱ्या तायांनी नीट वाचावे.

नेट नसताना ज्या ॲपमध्ये आपण नोंदी भरून ठेवतो आणि रेंज आल्यावर अपलोड करतो, त्या नोंदी अपलोड होईपर्यंत फक्त त्या बंद खोलीत असतात. जागा करायची म्हणून ते ॲप काढलं आणि लगेच परत घेतलं, तरी खोली नवी कोरी मिळते. बचत, कर्जफेड, हजेरी जे काही भरलं होतं ते गेलं. सेटिंग्जमध्ये ॲपच्या नावावर गेलं की 'कॅशे साफ करा' आणि 'स्टोरेज साफ करा' (काही फोनमध्ये 'डेटा साफ करा') अशी दोन बटणं दिसतात. कॅशे साफ केली तर काही बिघडत नाही. दुसरं बटण मात्र खोली रिकामी करतं, म्हणजे ॲप काढल्यासारखंच. गटाच्या ॲपवर ते दाबायचं नाही. आधी रेंजमध्ये जाऊन सगळं अपलोड झाल्याची खात्री करा, आणि वहीतली नोंद तर हवीच. वही कधी 'फुल्ल' म्हणत नाही.

मागे राहिलेलं शोधायचं कसं

यासाठी नवीन ॲप घ्यायची गरज नाही. बहुतेक फोनमध्ये 'फाइल्स' किंवा 'फाइल मॅनेजर' नावाचं ॲप आधीपासून असतं. गूगलचं फाइल्स असेल तर त्यात साफ करण्याचा वेगळा भाग आहे. मोठ्या फाइल्स, एकाच फोटोच्या दोन-दोन प्रती, बरेच दिवस न वापरलेली ॲप्स असं वेगवेगळं काढून दाखवतं. ते सुचवतं, ठरवायचं आपण. 'सगळे निवडा' दाबून मोकळं होऊ नका, कारण डुप्लिकेट म्हणून दाखवलेल्या फोटोत कधीकधी दोन वेगवेगळ्या पावत्याही असतात.

सुरुवात डाउनलोड फोल्डरपासून करा. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त कचरा तिथेच सापडतो. एकच पीडीएफ पाच वेळा उतरवलेली असते, कारण उघडली नाही म्हणून परत परत दाबलेलं असतं. शासन निर्णय, मुलांची हॉल तिकिटं, लग्नपत्रिका, सगळं एकत्र. तिथेच शेवटी 'एपीके' असं नाव असलेल्या फाइल्स दिसतील. एपीके म्हणजे ॲपचा गठ्ठा. प्ले स्टोअरबाहेरून, कुणीतरी पाठवलेल्या लिंकवरून ॲप घेतलं असेल तर हा गठ्ठा मागे राहतो. ॲप काढलं तरी तो असतो, आणि घरातल्या कुणी चुकून दाबला की तेच ॲप परत बसू शकतं. लग्नपत्रिका, गाडीचा दंड, पीएम किसानचा हप्ता अशा नावांनी व्हॉट्सॲपवर आलेल्या एपीके फाइल्समधून लोकांची खाती रिकामी झाली आहेत. खरी लग्नपत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ती ॲप म्हणून कधी येत नाही. अशी फाइल दिसली की उघडायची नाही, थेट डिलीट.

त्यानंतर पिक्चर्स आणि मूव्हीज. काढून टाकलेल्या ॲपच्या नावाचं फोल्डर दिसलं तर आत डोकावून बघा, कामाचे फोटो असतील तर बाजूला घ्या, मग फोल्डर काढा. आतलं न बघता फोल्डर काढायचं नाही, हा माझा नियम. डीसीआयएम हे नाव विचित्र वाटतं म्हणून ते कचरा समजू नका, आपल्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो त्यातच असतात. 'अँड्रॉइड' नावाचं फोल्डरही हातानं पुसायला जाऊ नका. चालू ॲप्सचं सामान तिथे असतं.

व्हॉट्सॲप तर कुणी काढत नाही, पण फोन भरतो तो मुख्यतः त्यानंच. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज आणि डेटा', त्यात 'स्टोरेज व्यवस्थापित करा' इथे जा. 5 एमबीपेक्षा मोठ्या फाइल्स आणि खूपदा फॉरवर्ड झालेल्या गोष्टी वेगळ्या दिसतात. सुप्रभातची फुलं तिथून एका झटक्यात जातात. त्याच सेटिंग्जमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करता येतं, ते करून टाका. आणखी एक गोष्ट फार जणींना माहीत नसते. आपण कुणाला आधारचा फोटो किंवा कागद पाठवतो तेव्हा त्याची एक प्रत व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये 'सेंट' या नावाखालीही राहते. गॅलरीतला फोटो पुसला म्हणून समाधान मानलं, तरी ती प्रत असते. कर्जाच्या फाइलसाठी ज्या ताईंच्या फोनवरून दहा जणींची आधारकार्डं बँकेत गेली, त्यांनी हे फोल्डर नक्की तपासावे. ती कागदपत्रं त्यांची एकटीची नाहीत. स्वतःची कागदपत्रं फोनवर हाताशी हवीच असतील तर डिजिलॉकरमध्ये ठेवा, गॅलरीत नको. आणि जिथे पूर्ण नंबरची गरज नाही तिथे शेवटचे 4 आकडेच दिसणारं 'मास्क्ड आधार' द्या.

हे सगळं पुसल्यावरही जागा वाढलेली दिसली नाही तर घाबरू नका. फाइल्स ॲप आणि गॅलरी पुसलेलं सामान आधी 'ट्रॅश' किंवा 'बिन'मध्ये ठेवतात, साधारण 30 दिवस. चुकून गेलेलं परत आणता यावं म्हणून. खात्री असेल तर ट्रॅश रिकामी करा, मग जागा दिसेल. गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असेल तर मात्र जपून. तिथून फोटो डिलीट केला की तो फक्त फोनमधून नाही, गूगलच्या खात्यातूनही जातो. फोनमधली जागा हवी पण फोटो राहायला हवेत, तर त्याच ॲपमधलं 'जागा मोकळी करा' हे बटण वापरा. ते बॅकअप झालेल्याच फोटोंची फोनमधली प्रत काढतं.

आणि हो, 'फोन साफ करा', 'फोन फास्ट करा' म्हणणारी ॲप्स घेऊ नका. पसारा आवरायला बोलावलेला पाहुणा स्वतःच ओसरीवर पथारी टाकतो. जाहिराती दाखवतो, वर सगळ्या फाइल्स बघायची परवानगी मागतो.

फोनच्या बाहेर राहिलेलं

आतापर्यंत फोनमधलं सांगितलं. खरी काळजी पुढे आहे.

ॲप काढल्यानं त्या कंपनीकडचं आपलं खातं बंद होत नाही. महिन्याचे पैसे कापणारं ॲप असेल तर ॲप काढल्यावरही पैसे कापले जाऊ शकतात. प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडे आपल्या नावाच्या गोलावर दाबा, 'पेमेंट आणि सदस्यत्वे' मध्ये जा आणि तिथून सदस्यत्व रद्द करा. यूपीआयवर 'ऑटोपे' दिलं असेल तर ते यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत सापडेल, ते वेगळं रद्द करावं लागतं. महिन्याला 99 रुपये जात असतील तर वर्षाचे 1188 होतात. पासबुक भरून आणा आणि अशी एखादी रक्कम दर महिन्याला जातेय का ते बघा.

झटपट कर्ज देणारी ॲप्स हा यातला सगळ्यात नाजूक विषय. गटातून कर्ज मागायला संकोच वाटला म्हणून कुणी गुपचूप असं ॲप घेतं, मग धमकीचे फोन सुरू झाले की घाबरून ॲप काढून टाकतं. ॲप काढलं म्हणून कर्ज संपत नाही, आणि ॲपनं आधीच उचललेले फोन नंबर, फोटो परत येत नाहीत. म्हणून असं ॲप काढण्याआधी त्यातल्या कर्जाची रक्कम, मिळालेले पैसे, भरलेले हप्ते, कंपनीचं नाव या सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. धमकीचे मेसेज पुसू नका, तो पुरावा आहे. मग ॲप काढा.

रिझर्व्ह बँकेनं 2 सप्टेंबर 2022 रोजी डिजिटल कर्जाबाबत जे नियम काढले, त्यात कर्ज देणाऱ्या ॲपनं आपल्या फोनमधल्या फाइल्स, फोटो, संपर्क यादी आणि कॉलची यादी बघू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. गूगल प्ले स्टोअरनेही 2023 पासून कर्जाच्या ॲप्सना संपर्क आणि फोटो घ्यायला मनाई केली. म्हणजे एखादं कर्जाचं ॲप ही परवानगी मागत असेल तर तिथेच ओळखायचं. फसवणूक झाली, पैसे गेले तर लगेच 1930 या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. बेकायदा कर्ज देणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवरही तक्रार करता येते. आणि आपल्या गटाच्या अध्यक्षांना, सीआरपी ताईंना सांगा. धमकी देणारा आपल्या एकटेपणावर चालतो. तुमच्या यादीतल्या दहा जणींना आधीच माहीत असेल तर तो कुणाला काय सांगणार?

फोन दुसऱ्याला देताना

नवा फोन आला की जुना मुलाला, नाहीतर दुकानात बदल्यात जातो. अशा वेळी एकेक फाइल पुसत बसू नका. हवे ते फोटो दुसरीकडे घ्या, गटाच्या सगळ्या नोंदी अपलोड करा, यूपीआय ॲपमधून बँक खातं काढा. सिमकार्ड आणि मेमरी कार्ड आठवणीनं बाहेर काढा, मेमरी कार्ड हमखास विसरतं. मग सेटिंग्जमधून गूगल खातं काढा आणि शेवटी 'फॅक्टरी रीसेट' करा. गूगल खातं काढायचं राहिलं तर रीसेटनंतर फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसतो, आणि तो आपल्याला आठवत नसतो.